राजाचे चित्रग्रंथ आणि आपले कपाट

मोठ्या आकाराचा, उत्तम छपाईचा, कापडी बांधणीचा एखादा चित्रग्रंथ घरात आला की पहिला प्रश्न किमतीचा निघतो आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो : एवढे पैसे घालून याचे करायचे काय? कादंबरी वाचून होते, शब्दकोश अडल्यावेळी उपयोगी पडतो, पोथीचे पारायण होते. चित्रांचे महाग पुस्तक मात्र आपल्याकडे चैनीत जमा होते. कोणी त्याला श्रीमंतांचा दिखावा म्हणून मोडीत काढतो, तर कोणी ‘पुढे भाव येईल’ असे सांगून त्याची बाजू घेतो. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. हा आनंद खरा आहे, रास्त आहे आणि तो कशाने पुरा होतो हेही सांगता येते. त्यासाठी मराठी माणसाला लंडन किंवा पॅरिसचा दाखला शोधायला नको. कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरला, एका भोसले राजाने दोनशे वर्षांपूर्वी हाच छंद आयुष्यभर केला. त्याचा संग्रह आजही जागेवर आहे.

सरफोजीराजांचा संग्रह

सरफोजीराजे (दुसरे) यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले. वारसाहक्काचा वाद चालू असताना त्यांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. १८३२ मध्ये ते वारले. मधल्या चौतीस वर्षांत त्यांनी जे उभे केले, त्याच्या केंद्रस्थानी सरस्वती महाल हे ग्रंथालय होते.

ग्रंथालयाचे मूळ नायक राजांच्या काळातले. एकोजीराजांपासून भोसल्यांनी ते सांभाळले आणि सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. तेथे ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हस्तलिखितांची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. त्यांत संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा. तमिळ आणि तेलुगू ग्रंथ आहेत आणि मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत. याशिवाय युरोपीय भाषांतले काही हजार छापील ग्रंथ सरफोजींनी स्वतः जमवले. अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा फ्रेंच ग्रंथ, डॉ. जॉन्सनच्या कोशाची १७८४ ची प्रत, ॲमस्टरडॅमला १७९१ साली छापलेले सचित्र बायबल ही ग्रंथालय अभिमानाने दाखवते अशी काही नावे.

ग्रंथालयाच्या संग्रहालय-दालनात गेलेला माणूस सर्वांत जास्त वेळ थांबतो तो शार्ल ल ब्रंच्या चित्रांपाशी. ल ब्रं हा चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार. माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येतो, या समजुतीपोटी त्याने सतराव्या शतकात माणसांची आणि प्राण्यांची तोंडे शेजारी शेजारी काढली. बैलाचे मुंडके आणि त्याच घडणीचा माणूस, घुबड आणि घुबडासारखे डोळे वटारलेला माणूस, उंट आणि लांबोडक्या ओठांचा माणूस. १८०६ मध्ये पॅरिसला ती कोरीव पटांवरून ग्रंथरूपाने निघाली. मागची समजूत विज्ञानाने केव्हाच निकालात काढली आहे. रेषा मात्र अजून ताजी आहे. भुवईचा एक बाक बदलताच चेहऱ्याचा भाव कसा फिरतो, हे तेथे उभे राहून शिकता येते. त्याच दालनात चिनी शिक्षांची रंगीत चित्रेही आहेत. ती पाहवत नाहीत आणि पाहिल्यावर विसरता येत नाहीत. राजांना फक्त गोडगोजिरे जमवायचे नव्हते, जगात काय काय चालते ते डोळ्यांनी पाहायचे होते, हे त्यावरून ध्यानात येते.

पाहण्याचा आनंद

चित्रग्रंथाचा पहिला आनंद डोळ्यांचा आणि बोटांचा. जुन्या ताम्रपटी चित्राच्या कडेला बोट हलकेच फिरवले तर चित्राभोवती एक चौकोनी खोलगट रेघ लागते. तांब्याचा पत्रा ओल्या कागदावर दाबाने बसल्याची ती खूण. कोरलेल्या रेषेत भरलेली शाई कागदावर किंचित उंच राहते, म्हणून तिरप्या उजेडात चित्र उठून दिसते. ॲक्वाटिंट या पद्धतीत पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तेजाबाने तो थोडाथोडा खात न्यायचा. त्यातून रेषेऐवजी छटा मिळतात, आकाश आणि सावली पाण्याच्या रंगात काढल्यासारखी उतरते. मग कारागीर एकेका प्रतीवर हाताने रंग चढवत. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसत.

या पद्धतीचा भारताविषयीचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांचा ‘ओरिएंटल सीनरी’. १७९५ ते १८०८ या काळात तो भागाभागांनी निघाला. त्यात १४४ चित्रे आहेत आणि संपूर्ण संचाची किंमत दोनशे गिनींच्या आसपास होती. सामान्य इंग्रज कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचीच ती रक्कम. डॅनियल मंडळी १७९२ मध्ये दक्षिणेत फिरली. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर आणि त्यापुढचा एकसंध दगडाचा नंदी ही दोन्ही चित्रे या संचात आहेत. युरोपात घरी बसलेल्या माणसाला राजराज चोळाच्या मंदिराची उंची प्रथम कळली ती अशा पानांवरून.

आज तंजावरला प्रत्यक्ष जाता येते, तरी चित्रग्रंथाची गरज संपत नाही. बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवती एक अरुंद प्रदक्षिणामार्ग आहे. त्याच्या भिंतींवर नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकाळातली, म्हणजे अकराव्या शतकाच्या सुरुवातीची चित्रे आहेत, हे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणले. हा मार्ग सर्वसामान्य भाविकांना आणि पर्यटकांना खुला नाही. तो खुला असता तरी त्या अरुंद जागेत मागे सरकून चित्र पुरे पाहणे अवघडच होते. त्रिपुरांतक शिवाचा रथ, सुंदरमूर्तीची कथा, नर्तकींच्या अंगांचे बाक हे सारे नीट पाहायचे तर चांगल्या छायाचित्रांचा ग्रंथच हवा. काही चित्रे देवळात असूनही आपल्याला भेटतात ती पुस्तकातच. महाग पुस्तकाच्या बाजूने एवढा एक मुद्दाही पुरेसा आहे.

मिळवण्याचा आनंद

दुसरा आनंद शोधाचा आणि वाट पाहण्याचा. बेंजामिन टोरिन हा तंजावरला कंपनीचा रेसिडेंट होता. तो इंग्लंडला परतल्यावर सरफोजींसाठी लंडनहून ग्रंथ आणि उपकरणे घेऊन पाठवू लागला. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबताला कित्येक महिने लागत. पत्र जायला तेवढे, पेटी यायला तेवढे. आज बोटाच्या एका दाबाने ग्रंथ मागवणाऱ्याला ही वाट पाहणे गैरसोयीचे वाटेल, पण त्या काळात मन त्या ग्रंथासाठी तयार होत असे. काय हवे, का हवे, कोणती आवृत्ती हवी हे आधी स्वतःशी ठरवावे लागे. १८२० ते १८२२ या काळात राजे काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखिते विकत घेणे आणि नकलून घेणे चालू होते.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तंजावरच्या चित्रकारांकडून पक्षी, प्राणी, वनस्पती यांची चित्रे काढवून घेऊन ती टोरिनकडे लंडनला रवाना झाली. शंभराहून अधिक चित्रांचा तो संच आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे लावून देवादिकांची चित्रे घडवणाऱ्या गावातले हात गरुडाच्या पिसाचा एकेक तंतू टिपू लागले. बाहेरचे उत्तम ग्रंथ पाहून घरची कला नव्या वाटेने गेली. संग्रहाने संग्राहकाला नुसते ग्राहक ठेवले नाही, देणारा केले.

वापराचा आनंद

तिसरा आनंद सर्वांत मोठा. तो नसेल तर पहिले दोन अर्धवट राहतात. सरफोजींच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तेथे इंग्रजीत ठेवल्या गेल्या आणि त्यांबरोबर त्या त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढले गेले. मोतीबिंदूने पांढरी झालेली बाहुली, लालसर झालेली कड आणि उपचारानंतरचा डोळा, असे सारे कागदावर आहे. शरीराची चित्रे ग्रंथांत पाहिलेल्या राजालाच रुग्णाचा डोळा चितारून ठेवण्याची गरज सुचते. अशा चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी टिकल्या आहेत आणि आजच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून लेख लिहिले आहेत.

भूगोलाचेही तसेच. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींचे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार, त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजी येऊन गाते. राजांनी तिच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला. नकाशांची पुस्तके कपाटात मिरवत ठेवणाऱ्याला हे सुचत नाही. ती उघडून दुसऱ्याला सांगावीशी वाटतात त्यालाच सुचते. १८०६ मध्ये राजांच्या छापखान्यातून ‘बालबोधमुक्तावली’ निघाले. इसापच्या गोष्टींचा हा मराठी अवतार सख्खण पंडितांनी केला होता. देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या मराठीच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याचे स्थान आहे. मुंबई-पुण्यात मराठी छपाईने बाळसे धरण्याआधी तंजावरच्या शाळेतल्या मुलांसाठी छापील मराठी गोष्टी होत्या.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या छंदावर चार आक्षेप घेतले जातात आणि ते तंजावरलाही लागू आहेत.

पहिला पैशाचा. राज्य गेलेला राजा रयतेच्या महसुलाच्या हिश्शातून युरोपातले ग्रंथ मागवतो, हे योग्य का? हा प्रश्न टाळता येत नाही. तलवार हातातून गेल्यावर प्रतिष्ठा मिळवण्याचा तो एक मार्ग होता, हेही खरे. पण तशाच नेमणुकीवर त्या काळातले इतर राजे काय करत होते हे पाहिले की तोल कळतो. बिशप हीबर १८२६ मध्ये तंजावरला आला, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांच्याविषयी अधिकाराने बोलणारा हा राजा पाहून तो थक्क झाला आणि तसे त्याने लिहून ठेवले. खर्च झाला, पण त्यातून रुग्णालय, छापखाना, शाळा आणि पुढे सर्वांना खुले झालेले ग्रंथालय उभे राहिले.

दुसरा आक्षेप दिखाव्याचा. आजच्या बाजारात तो जोरदार आहे. ऑडुबॉनच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ या ४३५ चित्रांच्या प्रचंड ग्रंथाची एक प्रत २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ७३ लाख पौंडांना गेली. १९९९ मध्ये टाशेन या जर्मन प्रकाशनाने हेल्मट न्यूटनच्या छायाचित्रांचा सुमारे तीस किलोंचा ग्रंथ काढला आणि तो ठेवायला खास घडवंचीही दिली. अशा खरेदीत पुष्कळदा ग्रंथ तिजोरीत किंवा दिवाणखान्यात जातो आणि पान उलटले जात नाही. किंमत वाढेल म्हणून ग्रंथ घेणाऱ्याला किमतीचा आनंद मिळत असेल, ग्रंथाचा मिळत नाही. आक्षेप येथे खरा ठरतो.

तिसरा आक्षेप नासाडीचा. दमट हवा, कसर आणि वाळवी यांच्या प्रदेशात महाग कागद कशाला? याला सरस्वती महालाने कामाने उत्तर दिले आहे. ताडपत्रांना तेथे लेमनग्रासचे तेल लावतात. पाने लवचीक राहतात, किडीला वास सहन होत नाही. वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कापूर यांची पूड फडक्यात बांधून ग्रंथांत ठेवण्याची जुनी रीतही तेथली. कागद मरतो तो हवामानापेक्षा हेळसांडीने.

चौथा आक्षेप पडद्याचा. सारे काही आता मोबाइलवर दिसते, मग जड पुस्तक का? पडद्यावरची सोय मी नाकारत नाही. दुर्मीळ ग्रंथांचे डिजिटायझेशन झालेच पाहिजे. पण पडदा प्रत्येक चित्र एकाच मापाचे करतो. लघुचित्र आणि भिंतीएवढे चित्र दोन्ही तळहाताएवढी. चांगल्या चित्रग्रंथात संपादकाने मापे, क्रम, शेजार ठरवलेले असतात. डाव्या पानावर संपूर्ण भिंत आणि उजव्या पानावर तिच्यातला एक हात, असे शेजारी ठेवल्यावर जे कळते ते स्क्रोल करताना निसटते.

महाराष्ट्राच्या घरचा अनुभव

चित्रग्रंथ का हवेत याचा सर्वांत कठोर धडा अजिंठ्याने दिला. रॉबर्ट गिलने अनेक वर्षे अजिंठ्यात राहून काढलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेरा वर्षे त्याच कामाला लागले. त्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. राहिले ते १८९६–९७ मध्ये निघालेले ग्रिफिथ्सचे दोन भव्य खंड. भिंतीवरचा रंग दर वर्षी थोडा गळत असताना, नकला जळून गेल्या असताना, अजिंठा त्या काळी कसा दिसत होता हे आज सांगणाऱ्या पुराव्यांत हे महागडे ग्रंथ आघाडीवर आहेत. पुढे गुलाम याझदानींचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात आले आणि १९५४ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याचा रंगीत संग्रह काढला.

राजाश्रयाची तंजावरी रीत महाराष्ट्रात औंधला पुन्हा दिसली. तेथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९१६ मध्ये ‘चित्ररामायण’ छापून काढले, चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठा-वेरूळच्या नकला करवल्या, त्यांवर ग्रंथ केले, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला चित्रे दिली आणि १९३८ मध्ये आपला संग्रह श्रीभवानी संग्रहालयात सर्वांसाठी मांडला. संस्थान चिमुकले होते. हौस मोठी होती आणि लोकांच्या उपयोगाची होती. मुलूख वेगळे, शतके वेगळी, तरी सरफोजी आणि बाळासाहेब यांची जात एकच.

सामान्य मराठी घराने मात्र हा छंद दिवाळी अंकांवर भागवला. चित्रकार दलालांच्या ‘दीपावली’ची रंगीत पाने जपून ठेवणारी पिढी आपल्यात अजून आहे. त्या पिढीला रंगाची भूक होती, पुस्तके नव्हती. आज मराठीत परिस्थिती थोडी सुधारली आहे. २०१३ मध्ये सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली निघालेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड हा प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात असावा असा ग्रंथ आहे. तरीही मराठीत उत्तम छपाईचे चित्रग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तंजावरच्या मराठी चित्रवैभवावर मराठीत एकही भव्य चित्रग्रंथ माझ्या कपाटात नाही, ही उणीव मला सलते.

मग आपण काय करावे?

सुरुवात एका विषयापासून करावी. अजिंठा, वारली, कंपनी शैली, लघुचित्रे, मंदिरशिल्प. काहीही, पण एक. तंजावरचा नाद लागला असेल तर जॉर्ज मिशेल आणि इंदिरा पीटरसन यांनी लिहिलेला, २०१० मध्ये ‘मार्ग’ प्रकाशनाने काढलेला बृहदीश्वरावरचा ग्रंथ घ्यावा. मंदिराला हजार वर्षे झाली त्या निमित्ताचा तो ग्रंथ आहे. सरस्वती महाल स्वतःही प्रकाशने काढतो आणि गजशास्त्र, अश्वशास्त्र यांसारख्या सचित्र हस्तलिखितांच्या आवृत्त्या त्याने केल्या आहेत. भारी परदेशी ग्रंथांच्या तुलनेत त्या खिशाला झेपतात.

जुना ग्रंथ घेताना चित्रांची यादी काढून एकेक पान मोजावे. चौकटीत लावण्यासाठी चित्रे कापून विकण्याची वाईट चाल जुन्या बाजारात आहे. चिकटपट्टी कधीही लावू नये. मोठे ग्रंथ उभे न ठेवता आडवे ठेवावेत, उभे ठेवले की बांधणी पोटातून ओघळते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि पावसाळा सरल्यावर दर वर्षी सगळे ग्रंथ काढून पान न् पान उलटावे.

आणि ग्रंथ दाखवावेत. घरी आलेल्या मुलाला हात धुवायला सांगून त्याच्यापुढे अजिंठ्याचे पान उघडावे. घाण होईल या भीतीने बंद ठेवलेला ग्रंथ सुरक्षित राहतो, पण त्यावर केलेला खर्च वाया जातो.

अखेरची गोष्ट वारशाची. १८५५ मध्ये तंजावरच्या शेवटच्या राजाचा मृत्यू झाला, गादी खालसा झाली आणि राजवाड्याच्या मालमत्तेवर कंपनीने हात टाकला. त्या पडझडीतही ग्रंथालय टिकले. १९१८ मध्ये ते सर्वांना खुले झाले. त्यानंतर लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा तंजावरच्या मराठी घराण्यांनीही आपापले संग्रह त्याला दिले. १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. राजाच्या हौसेचे ग्रंथ असे सर्वांचे झाले.

आपल्यापैकी ज्यांच्या कपाटात चार चांगले चित्रग्रंथ आहेत, त्यांनी आजच एका कागदावर त्यांची यादी करावी आणि आपल्यामागे ते कोणत्या वाचनालयाला द्यायचे ते खाली लिहून ठेवावे. ज्यांच्याकडे एकही नाही, त्यांनी येत्या दिवाळीत एक घ्यावा. आणि दक्षिणेची यात्रा करणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने बृहदीश्वराच्या दर्शनानंतर राजवाड्यातल्या सरस्वती महालासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत.